बकरीसारखा नंदी

मे महिना लागला की म्हैसूरच्या रस्त्यांवर फणसाचा वास सुटतो आणि मला लाज वाटायला लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण गेली कित्येक वर्षं दोन्ही एकाच आठवड्यात येतात. त्यामुळं हातगाडीवर मांडलेले गरे दिसले, की मी शाळा बुडवलेल्या पोरासारखा रस्ता ओलांडून पलीकडं जातो.

हे दिवस पेपर तपासण्याचे. इथं त्याला लहानथोर सगळे ‘व्हॅल्युएशन’ म्हणतात आणि म्हणताना चेहरा यज्ञाला बसल्यासारखा करतात. एका लांबलचक हॉलमध्ये आम्ही गणिताचे मास्तर ओळीनं बसतो. प्रत्येकापुढं गठ्ठा, लाल पेन आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. अकरा वाजता कॉफी आणि मद्दूर वडा. वड्याचं तेल उत्तरपत्रिकेला लागू द्यायचं नाही असा नियम आहे. तो मी अनेकदा मोडलाय आणि डाग पडलेल्या पानाला अर्धा गुण जादा देऊन प्रायश्चित्तही घेतलंय. माझ्या बोटांच्या तेलावर किती पोरं पास झाली असतील, देव जाणे.

यंदा तिसऱ्या दिवशी एक पान समोर आलं. प्रश्न होता: उणे एकचा लॉग काढा आणि त्याला अनेक किमती का असतात ते सांगा. उत्तर चोख होतं. पण शेजारच्या समासात एक चित्र होतं. एक वर्तुळ. मधोमध शिवलिंग. लिंगापासून वर्तुळाच्या काठापर्यंत गेलेली एक रेघ. त्या रेघेपर्यंत येऊन, तिला न ओलांडता मागं फिरणारे दोन बाण, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. आणि पुढ्यात नंदी. नंदी हुबेहूब बकरीसारखा दिसत होता. दाढीसकट.

माझा लाल पेन हवेतच राहिला. शेजारच्या खुर्चीवरचे गौडा सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय हो, कॉपी सापडली?”

“हो,” मी म्हणालो.

“कुणी केली?”

मी वड्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की माणसाला खरं बोलावं लागत नाही, हा माझ्या आयुष्यातल्या मोजक्या उपयोगी शोधांपैकी एक. आणि हा शोध मात्र माझा स्वतःचा आहे.

गणिताला घाबरणाऱ्यांनी घाबरू नये, मी दोन मिनिटांत संपवतो. आपल्या रोजच्या संख्या एका सरळ रेषेवर ओळीनं उभ्या असतात. संमिश्र संख्या अंगणभर पसरलेल्या असतात. अंगणाच्या मध्यावर शून्य. कुठल्याही संख्येचा लॉग काढायचा म्हणजे दोन गोष्टी टिपायच्या: ती मध्यापासून किती लांब आहे, आणि किती वळून तिथं पोचली आहे. लांबीचं काही नाही. घोळ घालतं ते वळण. मध्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, तर आपण पुन्हा त्याच जागी येतो. पण वळण मात्र एका फेरीनं वाढलेलं असतं. दुसरी फेरी मारली, आणखी वाढतं. जागा तीच, माणूस तोच, आणि हिशोब दर फेरीला ‘दोन पाय आय’नं (म्हणजे 2πi नं) पुढं सरकलेला. म्हणून उणे एकचा लॉग ‘पाय आय’ आहे, ‘तीन पाय आय’ आहे, ‘पाच पाय आय’सुद्धा आहे आणि यातलं एकही उत्तर खोटं नाही. उलट फेऱ्या मारल्या तर उणे किमतीही येतात.

रोज सकाळी मी तळ्याला एक फेरी मारतो. निघतो त्याच फाटकाशी परत येतो. आमची मंजिरी म्हणते, “अहो, इतकी वर्षं गोल फिरताय, वजन आहे तिथंच आहे.” मी तिला सांगतो, की वजन तेच असलं तरी माझा लॉग बदललाय. ती म्हणते, “मग पँटही त्यालाच शिवून घ्या.”

तर, या अनंत उत्तरांनी पोरांना भोवळ येऊ नये म्हणून पुस्तकं एक युक्ती करतात. मध्यापासून बाहेरपर्यंत एक रेघ मारतात आणि बजावतात, की ही ओलांडायची नाही. ओलांडली नाही की फेरी पूर्ण होत नाही. फेरी पूर्ण झाली नाही की प्रत्येक जागेला एकच उत्तर उरतं. त्याला मुख्य किंमत म्हणतात. ही रेघ पुस्तकात बहुतेक डावीकडं असते. डावीकडंच का? पुस्तक म्हणतं, संकेत आहे. पुस्तकाला जेव्हा उत्तर ठाऊक नसतं किंवा सांगायचा कंटाळा येतो, तेव्हा ते ‘संकेत’ म्हणतं. मीही तेच म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात तर जोरात म्हणायचो. पंधराएक वर्षं झाली असतील. मी कऱ्हाडहून इथं येऊन थोडीच वर्षं झाली होती. कॉलेजच्या आवारातला गुलमोहर पेटलेला, दुपारी वीज गेलेली, वर्गात साठ पोरं घामेजून बसलेली. परीक्षा दहा दिवसांवर. मी विनोदी शिक्षक आहे अशी तेव्हा माझी ख्याती होती, म्हणजे ती मीच सगळीकडं पसरवली होती. फळ्यावर वर्तुळ काढून मी डावीकडं रेघ मारली आणि म्हणालो, “ही का, ते विचारू नका. पाठ करा. चार गुण आहेत.”

तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. सुमना राव. नंजनगूडहून सकाळच्या गाडीनं येणारी, केसांत आदल्या दिवशीची सुकलेली मोगऱ्याची वेणी, वर्गात वर्षभरात चार शब्द न बोललेली. त्या भागात कित्येक पिढ्यांपूर्वी जाऊन राहिलेलं मराठी घर. वर्गाबाहेर माझ्याशी बोलताना ती तिची घरातली मराठी बोलायची, अर्धी कन्नडमध्ये भिजलेली, आणि मला ती ऐकताना उगाच मोठ्या भावासारखं वाटायचं.

उभी राहून ती वर्गाला कळेल अशा इंग्रजीत, अडखळत म्हणाली, की सर, हे शंकराच्या देवळासारखं आहे. आमच्या घराजवळ नदीच्या वाटेवर एक लहानसं देऊळ आहे. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ते सोमसूत्र. ते ओलांडायचं नसतं. म्हणून शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. एका बाजूनं सोमसूत्रापर्यंत जायचं, मागं फिरायचं, आणि उलट्या बाजूनं पुन्हा सोमसूत्राच्या दुसऱ्या काठापर्यंत यायचं. सगळीकडं फिरणं होतं, पण फेरी होत नाही. गणपतीचं तसं नाही. त्याला एकवीस घालायच्या असतात. पाय परत त्याच दारात येतात, पण एकवीस झाल्या हे तर खरंच ना सर? आणि पुस्तकात रेघ डावीकडं आहे, आमच्या देवळात उत्तरेला. कुठं आहे याला महत्त्व नाही. ओलांडायची नाही, याला आहे.

मी आज हे लिहितानासुद्धा थांबलो. यात काय नाही? अनेक किमती आहेत, मुख्य किंमत आहे, रेघ कुठंही मारली तरी चालते हे आहे. शून्याला लॉग नसतो आणि गाभाऱ्यात आपल्याला प्रवेश नसतो, हेसुद्धा न बोलता आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीनं ते दीड मिनिटात सांगितलं. आणि त्या दीड मिनिटात मी काय करत होतो? मी विनोद शोधत होतो.

तो मला सापडला. तिच्या बाकापाशी जाऊन मी तिची वही उचलली. तिनं त्यात देवळाचं चित्र काढलं होतं. ती वही मी साठ पोरांपुढं उंच धरली आणि म्हणालो, “गणिताचं नंतर बघू. आधी मला सांगा, हा नंदी आहे की बकरी?”

वर्ग कोसळला. अंगात हवा शिरल्यासारखा मी फुगलो. त्यावर आणखी एक ठेवून दिली: “रावबाई, अभिषेक घरी. इथं फक्त लॉग.” पुन्हा हशा. सुमनासुद्धा हसली. पुढं मी ते हसणं स्वतःच्या बचावासाठी बरीच वर्षं वापरलं. तीही हसली की! पण साठ जण हसत असताना एकटीनं न हसायला किती ताकद लागते, याचा विचार करायला मला सवड नव्हती.

ती खाली बसली. उरलेले दिवस ती डावा पंजा वहीवर पालथा ठेवून उजव्या हातानं लिहायची. हे मी तेव्हा पाहिलं असणार. नाहीतर आत्ता आठवलं नसतं.

पुढच्या वर्षी पुन्हा मे आला, पुन्हा फणस, पुन्हा डावीकडची रेघ. नवी पोरं, तेच कोरे चेहरे. “का सर?” कुणीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “शंकराच्या देवळात गेलाय कधी?” मी थांबू शकलो असतो. पण चेहरे उजळायला लागले होते. शिक्षकाला त्या उजेडाचं व्यसन असतं. तास संपल्यावर पोरं म्हणाली, “सर, सूपर.” मी मान लववली. ज्या मानेनं ते स्वीकारलं ती माझीच होती, एवढाच त्यात माझा वाटा.

त्या पहिल्या वर्षी मी निदान म्हणालो होतो, “कुणीतरी मला सांगितलं होतं.” दुसऱ्या वर्षी म्हणालो, “कधीतरी सुचलं.” तिसऱ्या वर्षी मला ते नंजनगूडला सुचलं. चौथ्या वर्षी पहाटे. पाचव्या वर्षापर्यंत मी तिथल्या कपिला नदीच्या पाण्यात बुडी मारून, ओलेत्या धोतरानं, काकडत देवळाकडं चाललो होतो आणि पन्हळीचं थंड पाणी पायाला लागताच मला साक्षात्कार झाला होता. वास्तविक मी धोतर फक्त लग्नात नेसलो, तेही सुटलं. नदीकाठचं ते देऊळ मी पाहिलेलंही नव्हतं. पण दर उन्हाळ्यात मी त्याच जागी यायचो आणि दर फेरीला थाप एका पूर्ण वळणानं मोठी व्हायची. लोक मला ‘सोमसूत्र सर’ म्हणायला लागले. इतर कॉलेजांतून व्याख्यानांना बोलावणी यायला लागली. शाल मिळाली. शालीची ऊब लागते, हे कबूल करायला हवं.

गेल्या वर्षी प्राध्यापकांसाठी असंच एक शिबिर होतं. मी रंगात आलो होतो. कपिलेतून बाहेर पडलो, धोतर पिळलं, आणि पिळता पिळता माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. तिसरीच रांग! सुमना. आता चष्मा आलेला, गळ्यात शिबिराचं ओळखपत्र. नंजनगूडच्या एका कॉलेजात गणित शिकवत होती, हे मला मागून कळलं. ती शांतपणे ऐकत होती. माझ्या हातात ते न नेसलेलं धोतर तसंच राहिलं.

मी काय केलं असेल? तुम्ही माझ्याबद्दल चांगलं धरून चालला असाल, तर माफ करा. मी गोष्ट पूर्ण केली. टाळ्या घेतल्या.

कॉफीच्या वेळी ती जवळ आली. “सर, ओळखलं का? मी सुमना. मी पण माझ्या पोरांना हेच सांगते. आमच्या सरांनी शिकवलं म्हणून सांगते.”

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. ती खरंच विसरली होती? की मला वाट करून देत होती? दोन्ही किमती बसत होत्या, आणि मी, अर्थात, मला परवडणारी निवडली. “वा वा,” मी म्हणालो, “परंपरा चालली म्हणायची!” आणि कॉफी आणायच्या निमित्तानं सटकलो. हातात भरलेला कप होता.

घरी मंजिरीला सगळं सांगितलं. तिनं भाजी निवडत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझे विनोद तुम्ही चारचौघांत तुमचे म्हणून सांगता, तेव्हा मी सोडून देते. बायको आहे. ती कोण लागते तुमची, तिनं का सोडावं?”

त्यालाही वर्ष लोटलं. वर्ष म्हणजे आणखी एक फेरी. आणि मग यंदा ती उत्तरपत्रिका. नाव नाही, गाव नाही, नुसता एक आकडा. पण नंदी ओळखीचा. मी फळ्यावर नंदी कधीच काढत नाही. तो एकीच्याच हातचा. ती तो तसाच काढत राहिली होती, दाढीसकट, आणि तिची पोरं तो भक्तिभावानं उतरवून घेत होती. मी त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांची उजळणी होती, त्यांची परीक्षा अजून व्हायची होती, आणि उजळणीत हाच धडा. शनिवारी मी पुन्हा ते धोतर नेसणार होतो का?

मधल्या रविवारी सकाळच्या गाडीनं नंजनगूडला गेलो. फोन केला होता. सुमना स्टेशनवर स्कूटर घेऊन आली. “अय्यो सर, एवढ्या उन्हात! घरी या, गुळाचं पानक करते.”

“आधी देऊळ दाखव,” मी म्हणालो.

“कुठलं?”

“तुझं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि स्कूटर सुरू केली. देऊळ अगदीच लहान निघालं. चार माणसं उभी राहतील एवढं, भोवती पावलापुरती दगडी वाट, पलीकडं नदी. माझ्या गोष्टीत घंटानाद आणि धुकं होतं. इथं एक कुत्रं झोपलं होतं आणि कुणीतरी ब्लाउज वाळत घातलं होतं. वाक्य कसं सुरू करावं या विचारात मी चालायला लागलो. “सुमना, तुला त्या दिवशीचं...”

“सर, निल्ली!” ती ओरडली. थांबा! मी एक पाय हवेत धरून बगळ्यासारखा उभा राहिलो. पायाखाली वीतभर रुंदीची दगडी पन्हळ होती. सोमसूत्र सर सोमसूत्र ओलांडायला निघाले होते. इतकी वर्षं ज्याच्यावर शाली मिळवल्या, ते समोर आलं तेव्हा मला ओळखूही आलं नाही.

पाय मागं घेतला आणि त्याच जागी उभं राहून म्हणालो, “ते उदाहरण तुझं आहे.”

“गोत्तु सर,” ती म्हणाली. ठाऊक आहे.

“मग गेल्या वर्षी तू म्हणालीस, की आमच्या सरांनी...”

“पोरांना पण तसंच सांगते की.”

“का पण?”

तिनं वाकून पन्हळीत अडकलेलं बेलाचं पान काढलं. “माझ्या नावानं सांगितलं, तेव्हा वर्ग हसला सर. तुमच्या नावानं सांगितलं की कोण हसत नाही. पोरांना कळायला पाहिजे, अल्वा, नाही का? नाव कुणाचं का असेना.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती मला एक पद्धत समजावून सांगत होती, फळ्यावर सांगावी तशी, आणि तिला ती पंधरा वर्षांपूर्वी मीच शिकवली होती.

“शनिवारी वर्गात सांगतो,” मी म्हणालो. “तुझं नाव घेऊन.”

“बेडा सर. सुम्ने कशाला आता.” राहू द्या, उगाच कशाला. मग हातातलं पान तिनं काठावर ठेवलं. “नाही, सांगा. पण नुसतं नाव नको. तुम्ही हसला होता, ते पण सांगा.”

“ते कशाला?”

“मागच्या बाकावर असते की सर कोणीतरी, वही झाकून बसलेली. तिला कळू दे.”

मग आम्ही घरी गेलो, पानक प्यायलो. तिनं निघताना रसबाळे केळ्यांचा लहानसा घड दिला. गाडीत तो मांडीवर घेऊन बसलो. सबंध डबाभर त्याचा वास दरवळला. त्या वासालाही आता मी घाबरणार, हे मला तिथंच कळलं.

शनिवारी वर्तुळ काढलं, रेघ मारली. पोरं पुढं सरकून बसली. धोतराची गोष्ट त्यांनी वरच्या वर्गातल्यांकडून ऐकलेली होती. मी म्हणालो, की मी नदीत कधी बुडी मारलेली नाही. पोरं हसली, त्यांना वाटलं, ही नवी सुरुवात. मी म्हणालो, की हे उदाहरण सुमना राव नावाच्या विद्यार्थिनीचं आहे, ती या बाकावर बसायची. तिनं ते सांगितलं, तेव्हा मी तिची वही वर धरली आणि हसलो. सगळ्यांना हसवलं. मग ते चोरलं.

पोरं वाट बघत होती, की आता सर काहीतरी फिरवून आणतील. सर नेहमी आणतात.

मागून एक मुलगी उभी राहिली. तिचं नावही मला आठवेना. “पण सर, तुम्ही हसलात कशाला?”

याची उत्तरं माझ्याकडं भरपूर होती. वीज गेली होती. परीक्षा जवळ होती. नंदी खरंच तसा दिसत होता. वय कमी होतं, सगळेच तेव्हा असं करायचे, तीही हसली होती. पंधरा वर्षं मी ती सगळी स्वतःला देत आलो होतो, आणि खोटं त्यातलं एकही नव्हतं. खडू खाली ठेवला.

“कारण ते तिला सुचलं,” मी म्हणालो, “आणि मला नाही.”

ती खाली बसली आणि लिहायला लागली. डावा पंजा बाकाच्या काठावर होता, वही उघडी होती.